उगवतीचं दार

जत्रेत खाज्याच्या दुकानासमोर उभा राहिलो की अजूनही मी एक पुडी जास्त मागतो. घरी खाजं खाणारं कुणी नाही. माझ्या दातांना ते झेपत नाही, आणि बायकोच्या मते गूळ-आल्यात घोळलेली ती बेसनाची कांडी खाण्याची वस्तू नसून ठोकण्याची आहे. तरी पुडी घरी येते, फडताळात जाऊन बसते. मग ध्यानात येतं की ज्यांच्या डब्यासाठी ती आणायची सवय लागली, त्या परबबाई जाऊन आता वर्ष होत आलं.

बाईंवर लिहायचं असं ठरवून मी बरेच दिवस नुसता बसून होतो. माझा हात मुळात हळू चालतो. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "कपाटकर, लिहा एकदाचं. चुकलं तर पकडेल कोणीतरी." माझं आडनाव कपाटकर नाही. मी डिचोलीचा, पेडणे तालुक्यातल्या या नदीकाठच्या शाळेत ग्रंथपाल म्हणून आलो, तेव्हा ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं होती आणि त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली होती. पहिल्याच दिवशी बाईंनी मला त्या कपाटासमोर हताश उभा असलेला पाहिला आणि माझं बारसं करून टाकलं. पुढे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे मला तेच म्हणू लागले. एकदा तर माझ्या पगाराच्या कागदावरही कपाटकर आलं होतं.

बाईंचं गाव वेंगुर्ल्याकडचं. गोवा मुक्त झाला, गावोगावी मराठी शाळा निघाल्या, आणि इतके शिक्षक एकदम कुठून आणायचे म्हणून ते सीमेपलीकडून येऊ लागले. बाई त्यातल्याच. वर्षभर राहीन म्हणून आल्या आणि परत गेल्याच नाहीत. उंच, रुंद, आवाज असा की इतिहासाचा तास त्या सातवीवर घेत आणि तो पाचवीलाही होत असे. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर सांगत की एक स्थळ चालून आलं होतं, पण त्याला तह आणि तडजोड यातला फरक सांगता आला नाही.

त्यांच्या टेबलाच्या खणात पत्र्याचा एक डबा असे, आणि त्यात खाजी. नियम असा की तासाला बाईंची चूक जो पकडेल, त्याला एक खाजं. ते घरी न्यायचं नाही, उभं राहून सगळ्यांदेखत तिथेच खायचं. त्यामुळे त्या वर्गातली मुलं पाठ्यपुस्तक घरी असं वाचत, की जणू पोलीस झडती घेताहेत. इतर वर्गांत इतिहासाच्या तासाला डुलक्या चालत. इथे पोरं टपून बसलेली असत. बाई मुद्दाम चुकतात की काय, असा शिक्षकांच्या खोलीत संशय होता. मी एकदा धीर करून विचारलं. बाई म्हणाल्या, "मुद्दाम करायला लागत नाही हो, आपोआप होतं."

एकदा तपासणीला एक अधिकारी आले. मागच्या बाकावर बसले, आणि बाईंनी फळ्यावर काढलेल्या नकाशात नदीचं मुख भलत्याच जागी गेलं आहे, असं त्यांनी जरा कडक आवाजात दाखवून दिलं. वर्ग आनंदाने शहारला. बाईंनी नकाशा पाहिला, मान्य केलं, खण उघडला आणि डबा घेऊन सरळ त्यांच्यापाशी गेल्या. साहेब नको नको म्हणाले, मग मुलांचे चेहरे बघून एक घेतलं आणि खिशात घालू लागले. पहिल्या बाकावरच्या पोराने हात वर करून नियम सांगितला. साहेबांचे दात नवे होते. पुढची काही मिनिटं त्या वर्गात कोणी बोललं नाही. सगळे जण सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडातून येणारा तो कटकट आवाज मनापासून ऐकत होते. शेरा मात्र चांगला मिळाला. पुढे ते साहेब बदलून वाळपईला गेले, पण या बाजूला आले की शाळेत डोकावून विचारत, आज काही चुकलंय का.

पोर्तुगीजांचं राज्य त्या पुस्तकातून शिकवत नसत. मुलांना सांगत, घरी जाऊन बघा, आई रोज कोणकोणते शब्द पोर्तुगीजांकडून उसने घेते. दुसऱ्या दिवशी वर्गात पांव यायचा, मेज यायचं, खिडकीचं जनेल यायचं, खुर्चीचं कदेल यायचं. बाई सगळं फळ्यावर लिहीत आणि शेवटी म्हणत, "बघा, तोफा घेऊन आलेला माणूस गेला. खुर्ची आणि खिडकी ठेवून गेला. आता त्या खुर्चीवर तुझी आजी बसते नि खिडकीतून पाववाल्या पोदेराला हाक मारते. जिंकलं कोण?" मुलं एका आवाजात म्हणत, "आजी." परीक्षेतही हेच उत्तर लिहीत, आणि बाई पूर्ण गुण देत.

अशा बाई एका गोष्टीला भीत. पाण्याला. नाव यमुना, नोकरी नदीकाठी, आणि भीती पाण्याची. याची मजा सगळ्यांत जास्त त्याच सांगत. त्या काळी म्हापशाला जायचं तर आमच्याकडची माणसं होडीने किंवा फेरीबोटीने नदी ओलांडत. बाई दोडामार्गावरून डिचोलीकडून असा मोठा वळसा घालून जात. सकाळी निघालेल्या बाई दुपार कलताना म्हापशाला पोचत, आणि तोवर बाजार आवरत आलेला असे. वाटेत आमच्या घरी चहाला थांबत. माझ्या आईला कायम वाटत राहिलं की ही बाई केवळ आपल्याला भेटायला एवढी वाट वाकडी करून येते. बाईंनी तिचा तो समज कधी मोडला नाही. आईची चूक पकडणाऱ्याला खाजं नव्हतं.

आता कोटाचं सांगितलं पाहिजे, कारण बाई म्हटलं की गावाला तोच आठवतो.

हळर्णहून नदी खाली येते ती आमच्या गावापाशी मोठं वळण घेते. त्या वळणात एक जुवा आहे. नदीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. त्या जुव्यावर एक जुना कोट आहे. हळर्णचा किल्ला बघायला लोक लांबून येतात. आमच्या कोटाकडे कोणी फिरकत नसे. कदंबांनी बांधला म्हणावा, आदिलशाहीतला म्हणावा, की सावंतवाडीकरांचा, याचा कागद कुठे नाही. गावाच्या बाजूने जुव्याला चिखल आणि खारफुटीची झाडी इतकी दाट, की काठावरून फक्त तटाची काळसर कड दिसते. आत राखणदार आहे अशी श्रद्धा, त्यामुळे एरवी कोणी जात नसे. बायका आणि मुलं तर नाहीच. वर्षातून एकदा, भातं घरात आल्यावर, गावचे पुरुष होड्यांनी तिथे जात, राखणदाराला रोट आणि नारळ ठेवत, आणि निघण्यापूर्वी काठावर सगळ्या गावासमोर त्याची आळवणी करणारं गाऱ्हाणं घालत.

गाऱ्हाणं घालायचा मान पुंडलिक गावकरांचा. काडीसारखा माणूस, पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की आवाज पलीकडच्या काठाला लागे. "बा देवा म्हाराजा, जुव्याच्या राखणदारा, चार बुरुजांच्या, उगवतीच्या दाराच्या धन्या, वर्साप्रमाण गावान आज तुका रोट नि नारळ हाडलो हा, तो मानून घे म्हाराजा." आणि सगळा गाव म्हणे, "व्हय म्हाराजा."

बाई पहिल्या वर्षी हे ऐकायला काठावर होत्या आणि तिथेच त्यांच्या डोक्यात दिवा लागला. कागद नसला म्हणून काय झालं, हे गाऱ्हाणं पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं आहे. त्यात चार बुरूज आहेत. त्यात दार उगवतीला आहे. आणि उगवतीला काय आहे, तर आमचा गाव. समुद्र मावळतीला, शत्रूच्या होड्या यायच्या त्या मावळतीकडून. मग दार गावाकडे का? बाईंनी उत्तर काढलं की हा कोट राजाने गावावर नजर ठेवायला बांधलेला नाही. संकटात गावाने पोराबाळांसकट आत शिरावं म्हणून बांधला. कोट राजाचा नव्हे, गावाचा.

हे एक वाक्य त्यांना फार प्रिय होतं. दरवर्षी सातवीच्या मुलांना त्या काठावर नेत, छत्रीच्या टोकाने तट दाखवत आणि हा इतिहास सांगत. होड्यांची डागडुजी करणारे, जाळी सुकवणारे गावकरी हातातलं काम थांबवून ऐकत आणि वाक्यावाक्याला मान हलवत. हळर्णच्या मुलांनी आमच्या मुलांना चिडवलं की तुमच्या कोटाला कोण विचारतो, तर आमची मुलं छाती काढून सांगत की तुमचा किल्ला राजाचा, आमचा कोट आमच्या बापजाद्यांचा. बाई कधी जुव्यावर गेल्या नाहीत. होडीत बसावं लागलं असतं. "दुर्बिणीतून चंद्र बघणारा चंद्रावर जाऊन येतो का?" असं म्हणून त्या विषय बदलत.

बाई निवृत्त व्हायच्या वर्षी गावाने मनावर घेतलं. काठावर एक दगडी फलक बसवायचा आणि त्यावर बाईंचा इतिहास कोरायचा. शिक्षिकेला शाल-नारळ सगळेच देतात, आमच्या गावाने दगड दिला. बाईंनी मजकूर लिहिला, मी शुद्धलेखन तपासलं, पाथरवटाने काळ्या फरशीवर सुबक अक्षरात कोरला. या जुव्यावर जुना कोट आहे. त्यास चार बुरूज असून महाद्वार उगवतीस, गावाकडे उघडते. हा कोट राजाचा नव्हे, गावाचा. खाली बाईंचं नाव. फरशी शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवली होती. बाई जाता-येता तिच्यावरून पदर फिरवून धूळ पुसत.

मग एका तासाला त्यांनी तो मजकूर वर्गात वाचून दाखवला, आणि सवयीने विचारलं की काही चूक आहे का. सातवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हाला सांगता की ऐकलेलं आणि बघितलेलं वेगळं लिहायचं. तुम्ही कोट बघितलेला नाही. हे वर लिहायला पाहिजे होतं."

मी शेजारच्या खोलीत कपाट लावत होतो. बाईंच्या वर्गात इतकी शांतता मी त्या अधिकाऱ्यांच्या दातांनंतर ऐकली नव्हती. मग खण उघडल्याचा आवाज आला. मुलीने खाजं खाल्लं, बाई तिचं खाऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या. तास सुटल्यावर माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "कपाटकर, रविवारी मोकळे आहात ना? मला बुडताना बघायला कोणीतरी सुशिक्षित माणूस पाहिजे."

पुंडलिक गावकरांना विचारलं तेव्हा ते जरा घोटाळले. बाईमाणूस जुव्यावर कसं न्यायचं? पण त्यांच्या बायकोने पडवीतून सुनावलं, की इतकी वर्षं त्या कोटाचं नाव काढतात त्या, राखणदार काय त्यांना ओळखत नसेल? तिथे तो प्रश्न संपला.

रविवारी दुपार कलताना आम्ही निघालो. होडी गावकरांनी स्वतः वल्हवली. बाई मधल्या फळीवर बसल्या, डोळे घट्ट मिटले, आणि एका हाताने फळी, दुसऱ्याने माझी छत्री धरून बहमनी सुलतानांची नावं पाढ्यासारखी म्हणू लागल्या. ती संपली तेव्हा आम्ही पाव वाटही आलो नव्हतो. मग विजयनगर झालं, मग आदिलशाही. होडी जरा कलली की राजे लवकर लवकर मरत. गावाच्या बाजूला चिखल म्हणून गावकर जुव्याला वळसा घालून पलीकडे चालले होते. होडी वाळूला लागली तेव्हा बाई कुठल्या तरी गादीवर नुकत्याच पोचल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले.

समोर दार होतं. दोन्ही बाजूंना बुरूज, मधे कमान, आणि कमानीत वाढलेलं पिंपळाचं एक रोप. आमच्या पाठीवर ऊन होतं. बाई चार पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. त्यांची लांब सावली त्यांच्या आधी कमानीतून आत गेली होती.

"कपाटकर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "दुपारचं ऊन पाठीवर, आणि दार समोर. म्हणजे माझं तोंड कुठे आहे?"

मी म्हटलं, उगवतीकडे.

"आणि दाराचं?"

मी मागे वळून उन्हाकडे बघितलं. त्यांनी गावकरांकडे बघितलं. दुसरं दार आहे का, विचारलं. गावकर म्हणाले, नाही, हेच एक, पहिल्यापासून. आणि मग अगदी सहज, पोराला समजवावं तसं सांगितलं, "दार खंय आसा ता आमका सगळ्यांका म्हायत आसा, बाईनू. पण देवाच्या तोंडार मावळतीचा नाव कोण घेता? बरा दिसता काय ता? उगवतच म्हणूक होया."

"अहो गावकरांनू," बाई त्यांच्या बोलीत म्हणाल्या, "इतकी वर्सां मी काठार उभी रवान पोरांका सांगतंय. तुमच्या कानार पडाक नाय?"

"पडला तर. दरवर्सा पडता."

"मग सांगूक काय झाला होता?"

गावकर खरोखरच बुचकळ्यात पडले. "आमका वाटला, तुमी गाराणा घालतास. गाराण्याक नाय कोण म्हणता?"

बाई उंबऱ्याच्या दगडावर बसल्या. मला वाटलं त्यांना चक्कर आली. खांदे हलत होते. मग आवाज फुटला आणि कळलं की त्या हसताहेत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदर तोंडाला लावून, थांबून पुन्हा सुरू होत त्या हसल्या. कोटातले पारवे उडाले. गावकर आधी ओशाळले, मग त्यांनाही राहवेना. वाक्यावाक्याला मान हलवणारे ते सगळे लोक माझ्या डोळ्यांसमोर आले. ते इतिहास ऐकत नव्हते, प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात व्हय म्हाराजा म्हणत होते.

हसून झाल्यावर बाई उठल्या आणि कोटात शिरल्या. आत झाडी माजलेली होती, फार फिरता आलं नाही. राखणदाराच्या दगडाला त्यांनी नमस्कार केला, आणि परत येऊन कमानीतून बाहेर, रिकाम्या नदीकडे बघत राहिल्या. दगडावर कोरून झालं होतं की दार गावाकडे उघडतं. चूक नुसत्या दिशेची असती तर त्यांनी खाजं देऊन सोडून दिली असती. दार गावाकडे नसेल तर कोट गावाचा कशावरून? त्या एका वाक्यावर त्यांनी किती तरी मुलांना ताठ उभं केलं होतं. ते वाक्यच हातातून जात होतं.

परत येताना त्या डोळे मिटायला विसरल्या. होडी वळसा घेऊन गावासमोर आली, तटाची मागची काळी भिंत झाडीतून दिसू लागली, आणि बाई एकदम म्हणाल्या, "गावकरांनू, तुमच्या घराकडे रात्रीचो जागलो घालूक माणूस ठेवलात, तर तो तोंड खंय करून बसतलो?"

गावकर म्हणाले, भायर. घराकडे तोंड करून बसला तर तो राखण काय करणार?

"आणि घराकडे काय?"

"पाठ."

बाईंनी वळून त्या मागच्या भिंतीकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "बघा कपाटकर, गावाकडे पाठ करून उभा आहे. राखणदार असाच उभा राहतो." जरा वेळाने म्हणाल्या, "हेही चुकीचं असेल म्हणा. डबा भरून ठेवते." पण चेहरा पुन्हा त्यांचा झाला होता.

दगडाचं काय करायचं हा प्रश्न राहिला. बाई म्हणाल्या, फरशी नवी करा. गाव ऐकेना. सरपंच म्हणाले, अक्षर इतकं सुरेख आलंय. कोणी म्हणालं, गाऱ्हाण्यात आहे तेच दगडावर आहे, मग दगड खोटा कसा? आणि दगड खोटा तर गाऱ्हाणं खोटं म्हणायचं का? हे सगळं बाईंवरच्या प्रेमापोटी चाललं होतं, आणि म्हणूनच गावाला नाही म्हणणं त्यांना अवघड जात होतं. त्यांच्या नावावर एक चूक कायमची नदीकाठी उभी राहणार होती, आणि ती पकडणाऱ्याला खाजं द्यायला त्या कायम असणार नव्हत्या. दोन दिवस त्यांनी फरशीवरची धूळ पुसली नाही. तिसऱ्या दिवशी पाथरवटाकडे गेल्या आणि खाली उरलेल्या जागेत, आपल्या नावाखाली, आणखी एक ओळ कोरून घेतली.

फलक बसवायच्या दिवशी सगळा गाव काठावर जमला. वरचं फडकं काढलं आणि लोकांनी वाचलं. वरच्या मजकुरात एक चूक आहे. कोटात जाऊन शोधावी.

आधी कुजबुज झाली. मग आमची मुलं हसली, मग सगळे. पुंडलिक गावकर गाऱ्हाण्याला उभे राहिले. जुव्याच्या राखणदारा, चार बुरुजांच्या, इथपर्यंत व्यवस्थित आलं, आणि पुढे ते अडखळले. बाईंकडे बघितलं. बाईंनी मानेने खूण केली. गावकरांनी डोळे मिटून, "उगवतीच्या दाराच्या धन्या" म्हटलं, आणि गावाने तोंड उघडायच्या आत बाईंचा आवाज पलीकडच्या काठाला जाऊन लागला, "व्हय म्हाराजा."

त्या दिवसापासून जुव्यावर माणसं जाऊ लागली. दगडावर जाऊन शोधावी असं लिहिलंय, बायकांनी जाऊ नये असं कुठे लिहिलंय, असं म्हणून गावकरांची बायको सर्वांआधी होडीत बसली. पुढे मांद्र्याला उतरलेले पर्यटकसुद्धा वाट चुकून इकडे येत, दगड वाचत, एकमेकांकडे बघत आणि होडीवाल्याला हाक मारत. निवृत्तीनंतर बाईंनी नदीकाठीच एक लहान घर घेतलं होतं. संध्याकाळी त्या दगडाच्या शेजारी खुर्ची टाकून बसत, मांडीवर डबा. होडी परत आली की उत्तर त्यांना सांगायचं. बहुतेक जण बरोबर सांगत. बाईंचा आनंद दर वेळी पहिल्यासारखाच असे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात, रोटाच्या दिवशी. बाई खूप वाळल्या होत्या. दात एकही नव्हता. आवाज मात्र होता. पुंडलिक गावकर मागेच गेले, आता त्यांचा मुलगा गाऱ्हाणं घालतो. त्यांच्या नातवाचं नुकतंच लग्न झालं होतं. वाळपईकडून आलेली नवी सून पहिल्यांदाच जुव्यावर गेली होती. त्या वर्षी कोटामागची झाडी तोडून साफ केली होती. होड्या परत आल्या तशी ती उतरून सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली.

बाईंनी डबा उघडून ठेवला होता. म्हणाल्या, "सांग गो बाय. दार ना?"

"दार आसा मावळतीक, ता दिसलाच," ती म्हणाली. "पण दगडार चार बुरूज लिवलेले असत. चार नाय, पाच आसत. एक फाटल्यान, गावाच्या अंगाक. मी हात लावून मोजलंय."

भोवतीचे सगळे हसले. चार बुरूज ते लहानपणापासून दरवर्षी गाऱ्हाण्यात ऐकत आले होते. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गावकरांच्या मुलाकडे बघितलं. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला की असेल, तिकडे कोण कशाला जातो. चार दिशांना चार, असंच म्हणायचं असतं.

"गावाच्या अंगाला," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणजे पाठीलाही डोळा आहे म्हणायचा." मग सुनेला खाजं दिलं, आणि तिने ते नियमाप्रमाणे तिथेच उभ्याने खाल्लं.

मी खुर्चीमागे उभा होतो. बाईंनी मान न वळवता हाक मारली. "कपाटकर, दगडावर शेवटची ओळ काय आहे? वाचा."

मी वाचली. वरच्या मजकुरात एक चूक आहे.

"एक कुठे? दोन निघाल्या. म्हणजे ती ओळही चुकली."

मी म्हटलं, म्हणजे तीन झाल्या.

"ही तिसरी कोणी पकडली?"

"तुम्ही."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या, डब्यात हात घातला आणि एक खाजं काढून तोंडात ठेवलं. चावता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी ते गालाच्या एका बाजूला सारलं, मला बोलू नका अशी हाताने खूण केली, आणि गावाकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून, ते विरघळायची वाट बघत बसल्या.